बेंचवर पास, गावात फेल: प्रोग्रॅमेबल एसी सोर्स घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड भागात एक छोटा कारखाना आहे. तिथे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) सीलिंग फॅनचे कंट्रोलर बोर्ड बनतात, सोबत थोडे एलईडी ड्रायव्हरही. प्रत्येक बोर्ड डिमरस्टॅटवर, म्हणजे हाताने व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, ९० ते २७० व्होल्ट फिरवून बघतात, रात्रभर चालवतात आणि मगच पाठवतात. तरीही माल परत येतो, आणि तो जास्त करून ग्रामीण भागातून. कारखान्याच्या मालकांनी विचारलं आहे: "दीड केव्हीएचा प्रोग्रॅमेबल एसी सोर्स घ्यायचा विचार आहे. डिमरस्टॅटपेक्षा त्यात नेमकं जास्त काय मिळतं? आणि रेटिंग किती घ्यावं?" (हा सोर्स म्हणजे हवं तसं व्होल्टेज आणि वेव्ह ठरवून देणारं मशीन.)

मी बरीच वर्षं पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंगमध्ये आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. खरेदीबद्दल शेवटी बोलू, कारण मशीन कुठलं घ्यायचं हा इथला खरा प्रश्न नाही. व्होल्टेज १४० झालं की २६०, एवढ्यावरून बोर्ड सहसा जळत नाही. ते किती वेगाने बदललं, साइन वेव्हच्या कुठल्या बिंदूवर तुटलं आणि कुठल्या बिंदूवर परत आलं, यावर त्याचं मरण ठरतं. डिमरस्टॅट तुम्हाला 'किती' देतो, 'केव्हा' देत नाही. सोर्सचे पैसे त्या 'केव्हा'साठी मोजायचे असतात. तुमच्या बोर्डांचं मरण 'केव्हा'मध्ये नसेलच, तर सोर्स घेऊनही रिटर्न तेवढेच राहतील.

म्हणून सगळ्यात आधी परत आलेले बोर्ड टेबलावर मांडा आणि मेलेल्या भागांप्रमाणे त्यांचे ढीग करा. एमओव्ही (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) काळा पडून फुटलेला असेल, तर एकतर वीज पडल्यासारखा सर्ज, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, आला किंवा बराच वेळ व्होल्टेज फार वर राहिलं. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं डोकं फुगलं असेल, तर बहुधा दीर्घकाळचं जास्त व्होल्टेज किंवा उष्णता. एमओव्ही ठणठणीत आहे, पण ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) शॉर्ट आणि फ्यूज उडालेला, एनटीसीला (गरम झाला की अवरोध कमी होणारा रेझिस्टर) तडा, असं दिसलं तर इनरशकडे, म्हणजे चालू होतानाच्या करंटच्या धक्क्याकडे बघा. पुढचा सगळा भाग चांगला आणि मोटर चालवणारे मॉसफेटच (स्विचिंगचे ट्रान्झिस्टर) गेले असतील, तर गोष्ट वेगळीच आहे, त्यावर खाली येतो. रिटर्नचे महिनेही बघा. मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात संख्या उसळत असेल, तर संशय विजेवर घ्यावा लागेल, आणि त्या बाबतीत एसी सोर्स तुमच्या काहीच कामाचा नाही.

डिमरस्टॅटला मी नावं ठेवत नाही. आमच्या बेंचवर आजही आहे. कमी व्होल्टेजला बोर्ड सुरू होतो का, २७० ला किती तापतो, करंट किती घेतो, ही कामं तो उत्तम करतो. शिवाय त्याचा आतला अवरोध कमी असतो, त्यामुळे क्षणिक मोठा करंट तो सहज देऊन जातो. हा गुण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पण तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. मेन्सपासून आयसोलेशन नाही, आणि एमआयडीसीच्या लाइनवर जी वेव्ह येते तीच तो पुढे पाठवतो. त्या लाइनवर सगळ्यांचे रेक्टिफायर लागलेले असल्यामुळे साइन वेव्हचं डोकं थोडं सपाट असतं. म्हणजे मीटर २३० दाखवतो, पण शिखर ३२५ च्या थोडं खालीच राहतं. तुमच्या बोर्डाची डीसी बस (ब्रिजनंतरची डीसी लाइन) शिखरावर चार्ज होते, मीटरवरच्या आकड्यावर नाही.

प्रोग्रॅमेबल सोर्स म्हणजे सिग्नल जनरेटरच्या मागे जोडलेला ताकदवान अँप्लिफायर. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, वेव्हचा आकार, फेज अँगल हे सगळं तुम्ही ठरवता आणि तीच घटना हवी तितक्या वेळा हुबेहूब पुन्हा घडवता. बाकी सगळे फायदे यातूनच येतात.

आता तुमच्या बोर्डाकडे येऊ. त्याची रचना तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून मी एक धरून चालतो: ब्रिजनंतर थेट २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पंखा ३५ वॉटचा, आणि बस १२० व्होल्टच्या खाली गेली की कंट्रोलर बंद. तुमच्याकडे सिंगल स्टेज पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी रचना) असेल आणि ऊर्जेचा साठा २४ व्होल्टच्या बाजूला असेल, तर आकडे बदलतील, पण विचाराची पद्धत हीच राहील.

२३० व्होल्टला कपॅसिटर ३२५ पर्यंत चार्ज होतो. ३२५ वरून १२० वर येईपर्यंत त्यातून साधारण १ जूल ऊर्जा मिळते. ३५ वॉटने ती २८-२९ मिलिसेकंदांत संपते. एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे वरवर बघता पूर्ण सायकल गायब झाली तरी पंखा तगायला हवा. पण कपॅसिटर भरला जातो फक्त शिखराच्या आसपास. एका शिखरानंतर पुढचा भरणा व्हायला तसेही सुमारे ८ मिलिसेकंद जातात. भरणा सुरू होणार त्या क्षणाच्या किंचित आधी लाइट गेली, तर ८ अधिक २० म्हणजे २८ मिलिसेकंद काढायचे आहेत. अगदी काठावर. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता लिहिलेल्यापेक्षा २० टक्के कमी निघू शकते, आणि दोन उन्हाळे छताला लटकून काढल्यावर ती आणखी घटते.

हाच हिशोब संध्याकाळच्या १६० व्होल्टवर करा. शिखर २२६. मिळणारी ऊर्जा ०.४ जूल. वेळ ११-१२ मिलिसेकंद. आता पूर्ण सायकल सोडाच, अर्धी सायकल गेली तरी ८ अधिक १० असे १८ मिलिसेकंद हवेत, ते नाहीत. म्हणजे २३० वर जो बोर्ड डिपच्या (व्होल्टेज क्षणभर पडण्याच्या) टेस्टमध्ये पास होतो, तोच बोर्ड शेतीच्या फीडरवर शेजारचा पंप सुरू होताना दचकून रीसेट होतो. गिऱ्हाईक तक्रार करतं, 'पंखा आपोआप बंद पडतो', तुम्ही बोर्ड बेंचवर लावता, आणि त्यात काहीच दोष सापडत नाही.

त्यामुळे डिपची टेस्ट एकाच व्होल्टेजवर करू नका. आयईसी ६१०००-४-११ हे डिप आणि छोट्या खंडांचं (लाइट थोडा वेळ पूर्ण जाण्याचं) स्टँडर्ड आहे. उपकरणाची व्होल्टेज रेंज रुंद असेल, तर रेंजच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही टोकांना टेस्ट करा असं तेही सांगतं. त्यातल्या पायऱ्या साधारण अशा: शून्य व्होल्ट अर्धी सायकल, शून्य व्होल्ट एक सायकल, ७० टक्के व्होल्टेज २५ सायकल, आणि शून्य व्होल्ट २५० सायकल म्हणजे ५ सेकंद. जास्त खडतर वर्गात ४० टक्के १० सायकल आणि ८० टक्के २५० सायकल हेही येतं. मी यात दोन गोष्टी स्वतःहून वाढवतो. एक म्हणजे सुरुवातीचं व्होल्टेज १६०, २३० आणि २७० असं तिन्ही ठेवतो. दुसरी म्हणजे डिपची सुरुवात फक्त ० अंशावर न करता ४५, ६० आणि ९० अंशांवरही करतो. कपॅसिटर इनपुटच्या बोर्डाला ६० च्या आसपासचा कोन सगळ्यात जास्त छळतो. कारण वर आलंच आहे: तो भरणाच चुकतो.

डिपने सहसा बोर्ड रीसेट होतो, मरत नाही. मारते ती परत येणारी लाइट, आणि तीही दोन वेगळ्या रस्त्यांनी.

पहिला रस्ता एनटीसीचा. थंड असताना तो समजा १० ओहमचा आहे. कपॅसिटर रिकामा आणि लाइट बरोबर शिखरावर आली, तर पहिला धक्का फार तर ३२ अँपिअरचा. ब्रिज हे सोसतो. पण पंखा तासभर चालून एनटीसी गरम झालेला असताना तो एखाद्या ओहमवर किंवा त्याच्याही खाली आलेला असतो. अशा वेळी लाइट झपकन गेली आणि अर्ध्या सेकंदात परत आली, तर कपॅसिटर बराचसा रिकामा झालेला असतो, एनटीसी मात्र अजून गरमच असतो. आता धक्का शंभर अँपिअरच्या दिशेने जाऊ शकतो. तुमच्या डिमरस्टॅटच्या टेस्टमध्ये ही घटना घडतच नाही, कारण हाताने स्विच बंद-चालू करताना एक तर वेळ जास्त जातो, नाही तर लाइट शिखरावर न येता मधेच कुठेतरी येते. शंभरात एखाद्या वेळी जमतं, आणि ते जमलं हे तुम्हाला कळतही नाही.

उलट बाजूही सांगून ठेवतो. ट्रान्सफॉर्मर किंवा चोक असलेल्या उपकरणाला शिखर नव्हे, तर शून्य घातक असतं. व्होल्टेज शून्य असताना स्विच दिला की कोअरमधला फ्लक्स जवळपास दुपटीकडे धावतो आणि कोअर सॅच्युरेट होतो. त्यामुळे 'वाईटात वाईट कोन कुठला' याचं एकच उत्तर नाही, ते समोरच्या उपकरणावर ठरतं.

दुसरा रस्ता खास पंख्याचा. लाइट गेल्यावर पंखा लगेच थांबत नाही, पाती बराच वेळ फिरत राहतात. दोन सेकंदांत लाइट परत आली, तर कंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि रोटर थांबलेला आहे असं समजून त्याला जागेवर धरायला जातो. सेन्सर नसलेल्या स्वस्त फर्मवेअरमध्ये हे हमखास होतं. फिरणारी मोटर त्या वेळी जनरेटर झालेली असते. करंट उसळतो, बस वर जाते आणि मॉसफेट जातात. तुमच्या ढिगात मॉसफेट गेलेले बोर्ड जास्त असतील, तर माझा पहिला संशय इथे. आणि ही टेस्ट डमी लोडवर किंवा पाती नसलेल्या मोटरवर करून काहीही हाती लागत नाही. पूर्ण पंखा, पात्यांसकट, वर टांगून करा. सोर्सवर ०.१, ०.३, ०.५, १, २, ५ आणि १० सेकंदांचे खंड एकामागून एक लावा आणि रात्रभर फिरत ठेवा. या एका कामासाठी प्रोग्रॅमेबल सोर्सला तोड नाही.

आता एक गोष्ट, जी सेल्समन सहसा सांगत नाही. एनटीसीची टेस्ट बहुतेक छोट्या सोर्सवर खोटी पास होते. हिशोब सोपा आहे. ५०० व्हीएचा सोर्स २३० व्होल्टला सुमारे २.२ अँपिअर देतो. क्षणिक शिखर त्याच्या तीन-चार पट धरलं, तर ७ ते ९ अँपिअर. तुमचा बोर्ड मागतोय ८०-१०० अँपिअर. सोर्स आपली मर्यादा गाठतो, व्होल्टेज दाबतो, कपॅसिटर सावकाश भरतो आणि बोर्ड आनंदाने चालू होतो. महागड्या मशीनने तुमच्या बोर्डाला उशीवरून अलगद खाली उतरवलं, खऱ्या मेन्सने तो आपटला असता. दीड केव्हीएचा सोर्स घेतलात, तरी शिखर २०-२५ अँपिअरच्या आसपासच राहील. यात काही लपवाछपवी नाही, डेटाशीटवर पीक करंट लिहिलेला असतो. फक्त खरेदी करणारा व्हीए बघतो आणि तो आकडा वाचायचा राहतो.

स्टँडर्ड लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून ६१०००-४-११ मध्ये २२०-२४० व्होल्टच्या उपकरणांसाठी जनरेटरने ५०० अँपिअरचं शिखर देता यावं अशी अट आहे. त्याहून छोटा जनरेटर वापरायचा असेल, तर उपकरणाचा इनरश आधी मोजून तो जनरेटरच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत आहे हे दाखवावं लागतं. लॅबमध्ये हे काम बहुधा ट्रान्सफॉर्मरचे दोन टॅप आणि मधले इलेक्ट्रॉनिक स्विच यांनी होतं, अँप्लिफायरने नाही.

मग तुम्ही काय करायचं? इनरशसाठी सोर्सची वाट बघू नका. एक रँडम टर्न-ऑन प्रकारचा, म्हणजे सांगाल त्या क्षणी चालू होणारा, एसएसआर (इलेक्ट्रॉनिक रिले) घ्या, एक छोटा मायक्रोकंट्रोलर, आणि ऑप्टोकप्लरने झीरो क्रॉसिंग (वेव्ह शून्यातून जाते तो क्षण) ओळखणारं सर्किट. शून्य सापडल्यावर ५ मिलिसेकंद थांबून स्विच दिला की लाइट नेमकी ९० अंशांवर येते. बाजारात सहज मिळणारा झीरो-क्रॉसिंग एसएसआर मात्र घेऊ नका, तो दर वेळी शून्यावरच चालू होतो आणि तुम्हाला हवी ती घटना कधीच घडू देत नाही. बंद करताना एसएसआर करंट शून्य झाल्यावरच सुटतो, पण इनरशच्या टेस्टला त्याने फरक पडत नाही. हे सगळं एमसीबीच्या मागे, धातूच्या पेटीत, तुमच्या त्याच डिमरस्टॅटच्या आउटपुटवर लावा. त्याचा कमी अवरोध इथे कामी येतो. करंट क्लँप प्रोबने स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघा. खर्च सोर्सच्या तुलनेत नगण्य.

जाता जाता एक: गावाच्या टोकाच्या घरापर्यंत लांबलचक तारा गेलेल्या असतात, त्यामुळे तिथे इनरश उलट कमी होतो. ब्रिज शॉर्ट झालेले बोर्ड डीपीच्या जवळच्या घरांतून किंवा शहरातून जास्त येतात का, हे पत्ते काढून बघा. तसं असेल तर निदान बरंचसं पक्कं झालं.

हळू बदलणाऱ्या व्होल्टेजच्या टेस्ट, म्हणजे २३० वरून दहा मिनिटांत १०० वर आणि परत, डिमरस्टॅटवर हातानेही होतात. कंटाळवाण्या आहेत, एवढंच. यात बघायचं ते कमी व्होल्टेजच्या उंबरठ्यावरचं वागणं. बोर्ड सुरू होतो, करंट ओढतो, लांब तारेमुळे व्होल्टेज पडतं, बोर्ड बंद होतो, व्होल्टेज परत वाढतं, बोर्ड परत सुरू. असा तासभर उचक्या देत राहिला की मॉसफेट तापून जातो. गंमत अशी की सोर्सवर हे दिसत नाही, कारण चांगला सोर्स व्होल्टेज पडूच देत नाही. सोर्सच्या पुढे दोन-चार ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, म्हणजे गावाची लाइन तयार होते. काही सोर्समध्ये आउटपुट इम्पिडन्स प्रोग्रॅम करता येतो, तो असेल तर उत्तमच.

न्यूट्रल तुटणं हा आपल्याकडचा जुना आजार. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला, की ज्या फेजवर लोड कमी त्या घरात ३००, ३५० आणि वाईटात वाईट ४०० व्होल्टपर्यंत येतं, आणि कुणी येऊन जोडेपर्यंत तसंच राहतं. तुमच्या बोर्डावर २७५ व्होल्टचा एमओव्ही असेल, तर त्याचं उंबरठा व्होल्टेज ४३० च्या आसपास. ३५० व्होल्ट एसीचं शिखर ४९५ होतं. तो एमओव्ही प्रत्येक अर्ध्या सायकलला कंडक्ट करणार आणि थोड्या वेळात जळणार. सर्जसाठी बसवलेला भाग असा सततचा भार झेलू शकत नाही. म्हणूनच भारतीय बाजारासाठी बरेच जण ३२० किंवा ३८५ व्होल्टचा एमओव्ही घालतात आणि मागचे भाग तेवढ्या व्होल्टेजचे निवडतात.

या टेस्टसाठी सोर्स घेताना बहुतेक सिंगल फेज सोर्स ३०० व्होल्टवर थांबतात, हे ध्यानात ठेवा. तीन फेजचा सोर्स असेल तर दोन फेजच्या मध्ये बोर्ड जोडून ४०० व्होल्ट सहज मिळतात. दोन आउटपुट १८० अंशांवर ठेवता येत असतील, तर ६०० पर्यंत. सोर्सच्या पुढे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावायचा मोह होतो. सावकाश वाढवत नेण्यासाठी तो चालेल, पण डिपच्या टेस्टला लावू नका, ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होऊन सोर्स ट्रिप होत राहील. आणि ही टेस्ट झाकलेल्या पेटीतच करा. कपॅसिटर फुटतो तेव्हा त्याचं डोकं कुठल्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही.

वेव्हच्या आकाराकडे फार जण दुर्लक्ष करतात. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि त्यातले बरेच स्क्वेअर वेव्हचे. मीटरवर व्होल्टेज ठीक दिसतं, पण वेव्हच्या उभ्या कडांमुळे एक्स कपॅसिटरमधून (इनपुटला फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असलेल्या) करंटचे झटके जातात. छोट्या सप्लायसाठी कपॅसिटिव्ह ड्रॉपर (कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणारं सर्किट) वापरला असेल, तर त्याचा करंट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो. स्क्वेअर वेव्हमध्ये वरच्या हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) भरपूर असल्याने तो भलताच तापतो. आर्बिट्ररी वेव्हची, म्हणजे हवा तो आकार द्यायची, सोय असलेला सोर्स यासाठी उपयोगी. तशीच डीजी सेटची गोष्ट: लोड पडला की फ्रिक्वेन्सी ४७ ते ५३ मध्ये हेलकावे खाते. झीरो क्रॉसिंग मोजून वेळ काढणारं फर्मवेअर त्यात गोंधळतं.

मात्र गिऱ्हाईक भिंतीवरचा जुना रेग्युलेटर न काढता त्यावरच तुमचा पंखा लावतो, त्याची नक्कल सोर्सवर करत बसू नका. ट्रायॅकने कापलेली वेव्ह इतकी झटकन चढते की पुष्कळ सोर्स तिचे कोपरे गोल करून टाकतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन-तीन मेकचे रेग्युलेटर आणून प्रत्यक्षच लावा.

विजेचा सर्ज, म्हणजे आयईसी ६१०००-४-५, आणि स्विचिंगचे वेगवान झटके, म्हणजे ६१०००-४-४, यांना वेगळे जनरेटर लागतात. सर्ज मायक्रोसेकंदांत चढतो. एसी सोर्सला तो वेग नाही आणि ती ताकदही नाही. तुमच्याकडे सिंगल स्टेज पीएफसी असेल, तर इनरशचा त्रास कमी पण सर्जचा जास्त, कारण प्रायमरीला मोठा कपॅसिटर नसल्याने सर्ज थेट मॉसफेटपर्यंत पोचतो. यासाठी मुंबईतली ईआरटीएल पश्चिम, समीर (दोन्ही सरकारी संस्था) किंवा जवळची एखादी एनएबीएल मान्यतेची लॅब गाठा आणि एक दिवस भाड्याने घ्या.

सोर्स वापरायला सुरुवात केलीत तर बेंचवरच्या काही सवयी लावून घ्या. बहुतेक सोर्सचं आउटपुट तरंगतं असतं, म्हणजे न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तसाच ठेवून लीकेज करंट मोजलात तर आकडा निरर्थक येईल. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, एकाच ठिकाणी तो अर्थला जोडा. तरंगत्या आउटपुटला हात लावला तरी चालतो असा समज मुलांमध्ये असतो, तो पहिल्याच दिवशी काढून टाका. रिमोट सेन्सच्या (बोर्डाजवळचं व्होल्टेज सोर्सला कळवणाऱ्या) वायरी घट्ट बसवा. त्यातली एक सुटली की काही सोर्स पडलेलं व्होल्टेज भरून काढायला आउटपुट वर नेतात, म्हणून ओव्हरव्होल्टेजची मर्यादा आधी लावून ठेवा. एका सायकलच्या आतल्या घटनेसाठी सोर्सच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, व्होल्टेज आणि करंट दोन्ही स्कोपवर बघा. करंटची शिखरं वरून सपाट कापलेली दिसली, तर सोर्स मर्यादेत गेला आहे आणि ती टेस्ट रद्द समजा. आणि पास म्हणजे काय ते टेस्टच्या आधी लिहून ठेवा: डिपनंतर पंखा त्याच स्पीडवर परत यायला हवा, की रिमोटचं बटण दाबावं लागलं तरी चालेल? हे नंतर ठरवायला बसलात तर प्रत्येक बोर्ड पास होतो.

तुमचे एलईडी ड्रायव्हर आणि हार्मोनिक्सची मोजणी यासाठी मात्र सोर्सची शुद्ध साइन वेव्ह खरोखर हवी. आयईसी ६१०००-३-२ ची मोजणी एमआयडीसीच्या मेन्सवर केली, तर सकाळी एक आणि दुपारी दुसरा आकडा येतो. त्या स्टँडर्डमध्ये सोर्सच्या स्वतःच्या व्होल्टेज हार्मोनिक्सवर कडक मर्यादा आहेत: तिसरी हार्मोनिक ०.९ टक्के, पाचवी ०.४. सपाट डोक्याच्या मेन्सला हे जमत नाही.

तर खरेदीचं. फक्त पंखे आणि छोटे ड्रायव्हर एवढंच काम असेल, तर दीड केव्हीएच्या साध्या सोर्सपेक्षा ५०० ते ७५० व्हीएचा, पण पीक करंट जास्त, फेज अँगल कंट्रोल, आर्बिट्ररी वेव्ह आणि सिक्वेन्स प्रोग्रॅमिंग असलेला सोर्स मला बरा वाटतो. ४०० व्होल्ट मिळायची सोय असेल तर आणखी बरा. बर्न-इन (रात्रभर चालवून बघणं) त्यावर करू नका, ते मेन्सवर आणि डिमरस्टॅटवरच राहू द्या. उद्या पंपाचे स्टार्टर करायचे असतील, तर हिशोब पूर्ण बदलतो: मोटर सुरू होताना पाच-सात पट करंट घेते, आणि सोर्सवरून व्होल्टेज हळूहळू वाढवत ती सुरू केली तर स्टार्टरची टेस्ट झालीच नाही. सोलर इन्व्हर्टरकडे वळणार असाल, तर वीज परत घेऊ शकणारा रीजनरेटिव्ह सोर्स लागेल, साधा सोर्स उलटी आलेली वीज पचवू शकत नाही.

माझा क्रम असा राहील: आधी ढीग, मग एसएसआरची पेटी, मग सोर्स भाड्याने आणून पूर्ण पंख्यावर खंडांची टेस्ट, आणि त्यात खरोखर दोष सापडू लागले तरच खरेदी. किंमत लाखांत जाते, त्यामुळे विकणाऱ्याला तुमच्या कारखान्यात डेमो द्यायला लावा. तो आणेल त्या रेझिस्टरच्या लोडवर नको, तुमच्या बोर्डावर: तासभर गरम झालेला, अर्ध्या सेकंदाचा खंड, ९० अंशांवर परत, आणि करंट तुमच्या स्कोपवर. क्रोमा, किकुसुई, पॅसिफिक, आयटेक, मेक कुठलाही असो, स्कोपवरचा हा एक फोटो बघितला की रेटिंगचा वाद मिटतो.

तोवर इनपुटच्या भागाचं सर्किट, एनटीसी आणि एमओव्हीचे नंबर, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा ते, आणि मेलेल्या बोर्डांच्या प्रत्येक ढिगात किती निघाले ते इथे टाका. मॉसफेटचा ढीग मोठा असेल तर फर्मवेअर रोटर फिरत असताना सुरुवात कशी करतं, तेही लिहा. त्यावरून कुठली टेस्ट आधी लावायची ते सांगता येईल.